दोन खोल्यांचा अभ्यास

बावीस वर्षं मी एकाच खोलीत वाफ खाल्ली आहे. ऑपरेशनला लागणारे चिमटे, कात्र्या, वाट्या, ट्रे, सगळं आमच्याकडे रक्ताने माखून येतं आणि निर्जंतुक होऊन परत जातं. डॉक्टरांचे फोटो पेपरात येतात, सिस्टरांना पेशंट जाताना थँक्यू म्हणतात, आणि आमच्या खोलीचं दार नक्की कुठे आहे हे अर्ध्या हॉस्पिटलला माहीत नसतं. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. हाताला काम येत होतं. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या मशीनच्या, नुसत्या आवाजावरून मी सांगायचे की दाराचं रबर सैल झालंय.

मग एका सोमवारी इन्चार्जबाईंनी सगळ्यांना उभं केलं आणि कागद वाचून दाखवला. नवी मशीनं येणार. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही त्यांनी तीन महिन्यांत परीक्षा द्यायची, निम्मी कॉम्प्युटरवर, निम्मी तोंडी. जो नापास होईल त्याची बदली लॉन्ड्रीत.

"बावीस वर्षं केलेल्या कामाचं काय?" मी विचारलं.

"ते तुमच्या हातांना थोडंच विचारणार आहेत? तुम्हाला विचारणार. तोंडाने सांगावं लागेल," बाई म्हणाल्या. वाईट नव्हत्या त्या. त्यांनाही तो कागद वरूनच आला होता.

लॉन्ड्री म्हणजे तळघरात ओल्या चादरींचे गठ्ठे उचलणं. माझी कंबर एकदा वाकली की सरळ होताना कुणाला तरी हाक मारावी लागते. तेव्हा लॉन्ड्री म्हणजे घरी बसणं, हे मलाही कळलं आणि बाईंनाही. घर मुलाचं आणि सुनेचं. सून चांगली आहे, म्हणून तर जास्त भीती. भांडखोर सुनेच्या घरात माणूस ठसक्यात बसतो. चांगल्या सुनेच्या घरात दिवसभर नुसतं बसून राहिलं की आपणच आपल्याला नकोसे होतो.

पुस्तक एकशे दहा पानांचं होतं. माझी ड्यूटी सकाळी सहा ते दोन. तीनला घरी यायचं, जेवायचं, आणि पुस्तक उघडायचं. पहिल्याच पानावर निर्जंतुकीकरणाची व्याख्या होती. पंधरा दिवस मी त्या व्याख्येच्या पुढे गेले नाही, कारण तिच्या मध्यावर माझा डोळा लागायचा. जाग आली की परत पहिल्यापासून. पाय सुजलेले, कानात मशीनची घरघर, आणि चोपन्नाव्या वर्षी शाळेतल्या पोरीसारखं घोकत बसायचं. रडू यायचं नाही. रडायलाही अंगात त्राण लागतं.

शेवटी सुनेने मनावर घेतलं. ती लायब्ररीत काम करते, तिला कुणी पुस्तकाशी अशी झटापट करताना बघवत नाही.

"आई, तुम्ही नुसतं वाचताय," ती म्हणाली. "वाचून डोक्यात राहत नाही. पुस्तक मिटून आठवून बघावं लागतं."

"आठवलं असतं तर वाचत कशाला बसले असते?"

तिने एकशे दहाच्या एकशे दहा पानांचे फोटो काढले आणि माझ्या फोनवरच्या एका एआयवाल्या ॲपमध्ये घातले. अर्ध्या तासात त्या ॲपने चारशे प्रश्न तयार केले. बावीस वर्षांत मला एकही पडला नव्हता.

"आता ही ॲपमधली बाई तुम्हाला विचारत राहील," सून म्हणाली. "चुकलात की उद्या परत. बरोबर आलं की चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी. तुम्ही विसरायच्या बेतात असता ना, तेव्हाच बरोब्बर विचारते."

"म्हणजे सासूच की."

सून हसली, पण जपून.

ॲपला बाईचा आवाज होता. मी तिचं नाव मास्तरीण ठेवलं. मास्तरीण कधी दमायची नाही, आणि मला राग यायचा तो त्याचाच. मी चुकायचे आणि ती म्हणायची, "उत्तर बरोबर नाही, पण प्रयत्न छान होता." छान कसला डोंबलाचा! एकशे एकवीस अंशाला किती मिनिटं, एकशे चौतीसला किती, पट्टी कुठली, कागद कुठला, सगळ्याची माझ्या डोक्यात खिचडी व्हायची. मशीनसमोर उभी राहिले की हात आपोआप योग्य बटणावर जायचा. खुर्चीत बसून विचारलं की तोच हात मांडीवर मेल्यासारखा पडून राहायचा.

एका दुपारी मी वैतागून फोनला म्हटलं, "बाई, माझ्या डोक्यात हे राहत नाही. जागाच नाहीये."

"मग जागा करूया," मास्तरीण म्हणाली. "तुमच्या सगळ्यात ओळखीचं घर कुठलं? डोळे मिटून फिरता येईल असं."

मुलाच्या फ्लॅटमध्ये मी अजूनही सोफ्याला गुडघा आपटते. माझं ओळखीचं घर एकच. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, जिथे मी एकोणतीस वर्षं संसार केला. चार वर्षांपूर्वी हे गेले. हे म्हणजे माझे यजमान. मग मुलाने मला इकडे आणलं आणि त्या खोल्या सुटल्या. आता तिथे दुसरं कुणी राहतं. पण माझ्याकडे त्या होत्या. ड्यूटीवरून येताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं की मी रोज तिथे जायचे. दार ढकललं की हे असायचे. काही विशेष करत नसायचे. बेसिनपाशी तोंड धुवत असायचे, नाहीतर खिडकीत उजेडाला धरून सुई ओवत असायचे. मी बोलायचे नाही, तेही बोलायचे नाहीत. वीस मिनिटांत माझा स्टॉप यायचा. दिवसभरातली माझी विश्रांती म्हणाल तर तेवढीच, आणि ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नव्हती.

मास्तरणीला मी एवढंच सांगितलं, की दोन खोल्यांचं घर आहे.

तिने कृती सांगितली. दारापासून सुरुवात करायची. एकेका जागी एकेक गोष्ट ठेवायची. नुसती ठेवायची नाही, चित्र करायचं. चित्र जितकं विचित्र तितकं पक्कं. "त्यात एखादा ओळखीचा माणूस घाला," ती म्हणाली, "आणि तो जे कधीच करणार नाही ते त्याला करायला लावा."

ओळखीचा माणूस कोण, हे काय विचारायचं? घरात एकच तर होता.

हे एका कपड्यांच्या कारखान्यात कटर होते. एका वेळी कापडाचे चाळीस थर कापायचे आणि एक धागा इकडचा तिकडे व्हायचा नाही. शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. कानामागे खडू. कुणी आपल्याला हसतंय असा नुसता संशय आला तरी दोन दिवस जेवणावर राग निघायचा. अशा माणसाला मी त्या दुपारी दारातच उभं केलं, अर्धा शर्ट रक्ताने माखलेला आणि अर्धा कडक इस्त्रीचा. आमच्या खोलीची घाण बाजू आणि स्वच्छ बाजू, मधली रेघ ओलांडायची नाही. बेसिनपाशी त्यांना हा एवढा आ वासून उभं केलं, कारण सांधा असलेलं प्रत्येक हत्यार उघडं ठेवूनच वाफेत घालायचं असतं. ओट्यावर दोन कुकर मांडले आणि दोन्हीत ह्यांनाच बसवलं. डावीकडचे कपाळावर खडूने एकशे चौतीस लिहून तीन बोटं दाखवत होते, तीन मिनिटं. उजवीकडचे पोटावर एकशे एकवीस लिहून पंधरा मिनिटांची डुलकी काढत होते. खिडकीत त्यांना रेघारेघांचा पायजमा घातला आणि ओरडायला लावलं, "मी निर्जंतुक झालो!" पॅकवर चिकटवलेल्या पट्टीवर रेघा उमटल्या म्हणजे फक्त गरम झालंय, आतलं निर्जंतुक झालंच असं नाही. म्हणून मी त्यांना म्हणायचे, "झालात? कशावरून?"

मी हसले. एकटीच, खुर्चीत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. किती महिन्यांनी हसले कोण जाणे. सून आतून धावत आली, काय झालं म्हणून.

पलंगावर ह्यांना मी दोन पदरी कागदात गुंडाळलं, ट्रे गुंडाळतो तसं, चारी कोपरे दुमडून. कागद ओला निघाला तर सगळं परत पहिल्यापासून. ही जागा सगळ्यात पक्की बसली. का, ते तेव्हा कळलं नाही.

आणि खरंच सांगते, जादू झाली. वीसपैकी सहा यायचे ते चौदा यायला लागले, मग अठरा. मास्तरीण "उत्तम" म्हणाली की मला पहिल्यांदाच ते पटायला लागलं. कामावर इन्चार्जबाईंनी जाता जाता एक प्रश्न टाकला, मी उभ्या उभ्या उत्तर दिलं, पानाच्या नंबरासकट. त्या बघतच राहिल्या. "गोळ्या कुठल्या घेता हो?" म्हणाल्या.

बसमध्येही मी आता उजळणी करायचे. दार, बेसिन, ओटा, खिडकी, पलंग. स्टॉप येईपर्यंत घराच्या चार फेऱ्या व्हायच्या.

परीक्षेला नऊ दिवस राहिले असताना एका रविवारी मुलगा माळा आवरत होता. त्याला ह्यांची मोठी कात्री सापडली. ती घेऊन तो माझ्यासमोर बसला आणि उगाच हवेत चालवायला लागला.

"आई, बाबा कात्री चालवताना तोंडाचं काहीतरी करायचे ना गं? आम्ही पोरं हसायचो बघ."

"हो की," मी म्हटलं, आणि बघायला गेले.

खिडकीत गेले. रेघारेघांचा पायजमा. "मी निर्जंतुक झालो!" बेसिनपाशी गेले. आ वासलेला. ओट्यावर दोघं, तीन बोटं, पोटावर आकडा. मी सगळ्यांना बाजूला सारलं आणि परत दारापासून सुरुवात केली. अर्धा शर्ट रक्ताचा. मी म्हटलं, अहो, मी आहे, जरा नीट उभे राहा ना. मनातल्या मनात खरंच असं म्हटलं. ते तसेच.

"काय करायचे?" मुलाने परत विचारलं.

"आठवत नाही रे."

"असं काय? असं करायचे बघ." त्याने खालचा जबडा एका बाजूला ओढला आणि कात्रीच्या प्रत्येक घासाबरोबर तो हलवला, जणू कापड दातांनीच तोडतोय. सून खो खो हसली. मीही हसल्यासारखं केलं. पण मला दिसत होता तो माझा मुलगा, तोंड वाकडं करून बसलेला. एकोणतीस वर्षं ज्या माणसाच्या समोर बसून मी जेवले त्याचा जबडा मला माझ्या डोळ्यांनी दिसेना.

मी माझ्या खोलीत गेले आणि पलंगाकडे, म्हणजे त्या पलंगाकडे, शेवटी गेले. कागदात गुंडाळलेले, चारी कोपरे दुमडलेले. ती जागा इतकी पक्की का बसली ते तेव्हा कळलं. ह्यांना तसं गुंडाळलेलं मी एकदा खरंच पाहिलं होतं, आमच्याच हॉस्पिटलात, आणि कोपरे नीट दुमडलेले नव्हते म्हणून मी वॉर्डातल्या माणसावर ओरडले होते. तेवढं एक चित्र मी चार वर्षं लांब ठेवलं होतं. ते मी आपल्या हाताने घरात आणून पलंगावर ठेवलं, आणि रोज चार वेळा त्याची उजळणी केली.

मी फोन उचलला. "हे पुसायचं कसं?" मी मास्तरणीला विचारलं. "घरातली चित्रं. मला ती नकोत."

"उजळणी थांबवली की ती हळूहळू फिकी होतात," ती म्हणाली, तशीच ताजीतवानी. "पण तुमची परीक्षा नऊ दिवसांवर आहे. आता थांबलात तर चित्रांबरोबर उत्तरंही जातील. वाटल्यास दुसरा माणूस घालून बघा. की उजळणी थांबवू?"

दुसरा माणूस घालून बघितला. इन्चार्जबाईंना कुकरमध्ये बसवायचा प्रयत्न केला. त्या बसेनात. मी दार उघडायच्या आत हे तिथे हजर, तीन बोटं वर करून, सांगितलेलं काम इमानाने करत. जिवंतपणीही असेच होते. एकदा सांगितलं की पुरे.

"उजळणी थांबवू?" मास्तरणीने परत विचारलं. तिला घाई नव्हती.

मला लॉन्ड्री दिसली. ओल्या चादरी दिसल्या. दुपारी चार वाजता सुनेच्या घरात सोफ्यावर बसलेली मी दिसले, टीव्ही बारीक आवाजात लावून, कुणाला त्रास नको म्हणून.

"नको," मी म्हटलं.

मला माझी लाज वाटली. आजही वाटते. मग तिने पुढचा प्रश्न विचारला आणि मी ओट्याकडे गेले.

परीक्षा एका मोठ्या हॉलमध्ये होती, एसी इतका की बोटं आखडली. कॉम्प्युटरवर चाळीस प्रश्न. प्रश्न आला की मी दार ढकलायचे, हे तयारच असायचे. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. आकडा बघितला, बटण दाबलं, पुढे गेले. तोंडी परीक्षेला टेबलामागे दोघं होते. त्यातल्या म्हाताऱ्याने विचारलं, "पॅकचा कागद ओला निघाला तर?"

"परत पहिल्यापासून," मी म्हटलं. "धुण्यापासून. कितीही घाई असली तरी."

"एवढं खात्रीने?"

"हो," मी म्हटलं, आणि माझा आवाज फाटला. त्याला वाटलं मी घाबरले. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

चाळीसपैकी अडतीस. आमच्या खोलीत पहिली. इन्चार्जबाईंनी सगळ्यांसमोर हात हातात घेतला, मुलाने मिठाई आणली, सुनेने प्रमाणपत्राला फ्रेम केली. सुनेचे डोळे भरून आले होते. तिच्यामुळे झालं हे खरं आहे आणि मी तिला तसं म्हटलं. बाकीचं सांगितलं नाही. काय सांगायचं? एवढ्या चांगल्या मुलीला?

त्याच दिवशी मी फोनवरून मास्तरणीला काढून टाकलं. म्हटलं, आता उजळणी बंद. होऊ दे फिकं. सहा महिने लागोत, वर्ष लागो. मी थांबेन, मला थांबायची सवय आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली नव्हती. नव्या मशीनला आकडे हाताने भरावे लागतात. पहिली फेरी साडेसहाला, शेवटची दीडला, दिवसाला नऊ फेऱ्या. एकशे चौतीस, तीन. एकशे चौतीस, तीन. पूर्वी हात आपोआप जायचा, आता मला उत्तर येतं, आणि उत्तराबरोबर हे येतात. मधली रेघ, आ वासलेला जबडा, कागदाचे चार कोपरे. ज्यासाठी पास झाले ते कामच रोजची उजळणी आहे. निवृत्तीला चार वर्षं आहेत, तोवर मला विसरायला सुट्टी नाही. बसमध्ये मी आता डोळे उघडे ठेवून बसते. रस्त्यावरच्या पाट्या वाचते.

गेल्या महिन्यात परीक्षेची पुढची तुकडी निघाली. लॉन्ड्रीतली एक बाई आमच्याकडे यायचं म्हणतेय. सगळे तिला रेडिओ म्हणतात, कारण तिला बंद करायचं बटण नाही. चाळिशीची आहे, चादरी उचलून उचलून तिचीही कंबर गेली. मधल्या सुट्टीत ती पुस्तक घेऊन माझ्या बाकावर येऊन बसली.

"ताई, अडतीस कसे काढले ते सांगा. सगळं सांगा. मला धड फोन नंबर पाठ होत नाही."

मी तिला सगळं सांगितलं. ॲप सांगितलं, चुकलेलं उद्या आणि बरोबर आलेलं चार दिवसांनी हे सांगितलं, पुस्तक मिटून आठवायचं हे सांगितलं. घराचंही सांगितलं. दारापासून सुरुवात, एकेका जागी एकेक चित्र, ओट्यावर तीन मिनिटांचा कुकर, चित्रात माणूस. ती तोंडावर हात ठेवून ऐकत होती. इतका वेळ ती गप्प बसलेली कुणी पाहिली नसेल.

"घर कुठलं घेऊ?"

"दातांच्या डॉक्टरचा दवाखाना घे. शाळा घे. नाहीतर हे हॉस्पिटलच घे."

"छे, घरच बरं. मला माझ्या घरातला डबा न् डबा माहितीये." तिने डोळे मिटले आणि लगेच हसायला लागली. "आणि माणूस कोण? थांबा, मिळाला. आमचे हे! ताई, त्यांना त्या कुकरात बसवते बघा. सकाळपासून डोकं खाल्लंय माझं, बसू दे तीन मिनिटं वाफेत." ती इतकी हसली की पुस्तक मांडीवरून खाली पडलं.

मी वाकून पुस्तक उचललं. सरळ होताना मला तिचा खांदा धरावा लागला.

"कुणालाही घे," मी म्हटलं. "इन्चार्जबाईंना घे, मला घे. नवरा नको."

"का हो? एवढा हातातला माणूस!"

"नवरा नको घेऊस गं," मी म्हटलं, आणि तिचा खांदा सोडायचं मला सुचेना.